तीन सूत

नोव्हेंबर लागला की कूटेनाई नदीकाठी
आगी विझतात आणि बूट येतात.
टेबलावर ठेवले की त्यांतून राख सांडते
उन्हाळ्यातल्या कुठल्या कुठल्या डोंगरांची.
मी लगेच झाडत नाही ती.
वडील म्हणायचे, आधी बुटाला बोलू दे.

वेंडेल रूडचा जोड. चौदा वर्षांचा.
एकदा वडिलांच्या हातून, दोनदा माझ्या हातून
नवा झालेला.
"तळ बदल," तो म्हणाला. "होता तसाच कर."
आणि टोपी काढून
चौकटीला टेकून उभा राहिला.
मी टोपीकडे पाहिलं नाही.

रात्री शेगडीपाशी खिळे उपटले.
बाहेरचा टाका माझा, तो सुटला पटकन.
आतला वडिलांचा, तो हटेना;
त्याच्या मेणाला अजून राळेचा वास
आणि आणखी कसल्याशा तेलाचा,
ज्याचं नाव ते मलाही न सांगता गेले.
तो तसाच ठेवला.

आतल्या चामड्यावर पायाचे ठसे,
काळे, चकचकीत, जुन्या नाण्यासारखे.
डावा पाय अख्खा.
उजव्याचा चवडा खोल रुतलेला,
आणि टाच?
टाच जेमतेम येऊन गेलेली,
पाहुणी आल्यासारखी.

तीन वर्षांपूर्वी लार्चचं झाड त्याच्यावर आलं,
हे गावाला ठाऊक आहे.
मांडीत लोखंड घालून सहा महिन्यांत
तो पुन्हा आगीवर गेला, हेही.
ठणठणीत आहे, असं त्यानं
मुकादमाला सांगितलं, डॉक्टरला सांगितलं,
बायकोलाही सांगितलं असणार.
बुटाला सांगायचं तेवढं राहून गेलं.

मोजपट्टी लावली. तीन सूत.
एवढी तर नदी रात्रीतून चढते, उतरते,
काठावरचं कुत्रंसुद्धा मान वर करत नाही.

वडिलांचा नियम होता:
सांगितलं तेवढंच करावं,
न सांगता केलेलं काम फुकट केलं तरी चोरीच.
मी शेगडीत लाकूड सारलं
आणि चोरी करायला बसले.

उंच टाच मुकादमाला दिसली असती.
म्हणून एक सूत टाचेच्या थरांत मुरवलं,
दोन सूत आत, चामड्याची पाचर,
टाचेशी जाड, मग रापीनं तासत तासत
चवड्याला पोचेतो कागद.
वर कॉर्क, त्यावर नवं चामडं, मग काठाचा टाका,
इंचाला सहा, मेणावलेला, दुहेरी.
पहाटे दोन्ही बूट शेजारी ठेवले.
सख्खे भाऊ.

शनिवारी तो आला. बसून नाड्या बांधल्या,
हुकांवरून आडव्या, वरपर्यंत,
मग उठला,
आणि त्याचा उजवा खांदा
कुणी हाक मारल्यासारखा वर आला.

बराच वेळ जमिनीकडे बघत होता.
"काय केलंस?"
"तळ बदलला."
खिडकीपर्यंत गेला. परत आला.
"दुकानाची फरशी सरळ केलीस का गं?"
"ती होती तशीच आहे."

जबडा आवळला त्यानं. वाटलं, आता बूट काढून
टेबलावर आपटणार.
पावती मागितली.
तळ दोन. टाचा दोन. दोरा, मेण.
दोनदा वाचली.
"एवढंच?"
"एवढंच."
चार घड्या घालून ती त्यानं
छातीच्या खिशात ठेवली, बटण लावलं.

बाहेर पायऱ्यांवर बर्फ धरलेला.
तीन वर्षं मी या लाकडावर त्याचं जाणं ऐकलंय,
एक जड, एक उसनं.
आज कान लावूनही कळेना
कुठला पाय कुठला.

शेवटच्या पायरीवर आवाज थांबला.
मी काचेतून पाहिलं.
कठडा हाताशीच होता
आणि तो नुसता उभा,
कशालाही न टेकता,
पलीकडच्या जळक्या डोंगराकडे बघत.

मग मी झाडू घेतला.